चूल आमची, हुकूम कोणाचा?

इसवी सन २०२१ च्या जानेवारी महिन्याची बारावी तारीख आमच्या पक्की लक्षांत राहिली आहे. साथीमुळें शाळा बंद होत्या आणि मुलें घरोघर पडद्यासमोर बसून शिकत होतीं. आम्ही शाळेंतून निवृत्त झालों होतों, तरी आमची नात व आमच्याच इमारतींतील तिच्या दोन मैत्रिणी यांस सकाळीं तासभर संस्कृत सांगण्याचा परिपाठ आम्हीं ठेवला होता. त्या दिवशीं ‘नदी’ शब्द चालवावयाचा होता. आम्हीं फळा न घेतां संगणक उघडला. कारण ह्या शब्दासाठीं आमच्यापाशीं एक सुरेख साधन होतें. २००९ सालीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो तेव्हां पुण्यास संगणकाच्या एका कचेरींत नोकरीस होता, सुटीच्या दिवशीं आमच्या घरीं बसून शब्दरूपांचे चोवीस पाठ तयार केले होते. नदीच्या पाठांत एक घाट होता व घाटास आठ पायऱ्या होत्या. पायरीवर बाण नेऊन कळ दाबली कीं त्या विभक्तीचें रूप उमटे आणि त्याचा उच्चार ऐकूं येई. एकवचनास एक नदी, द्विवचनास दोन नद्यांचा संगम, बहुवचनास तीन नद्या. उच्चार आमच्या कुटुंबाच्या आवाजांत मुद्रित केलेले होते. त्यांचें पाठांतर आमच्याहून शुद्ध होतें, आणि मुलांस त्यांचा आवाजही आवडे. २०१७ सालीं त्या निवर्तल्या.

त्या सकाळीं घाट दिसला नाहीं. त्याच्या जागीं करड्या रंगाची एक रिकामी चौकट होती व तिच्या मधोमध एक बारीकसें चिन्ह. संगणक बंद करून पुनः चालू केला, चौकट तशीच. आम्हीं विद्यार्थ्यास फोन लावला.

“गुरुजी, तें आतां उघडायचें नाहीं,” तो म्हणाला. “आज सगळ्या जगांतच बंद झालें.”

“अरे, काल संध्याकाळीं चालत होतें!”

“होय. पण फ्लॅश चालविणारा जो प्रोग्राम तुमच्या संगणकांत आहे, त्याच्या पोटांतच आजची तारीख घालून ठेवलेली होती. आजपासून त्यानें कोणतीच वस्तु उघडावयाची नाहीं, असा त्यास त्याच्या मालकाचा हुकूम आहे.”

आम्ही चाळीस वर्षें मास्तरकी केली. पुस्तकास वाळवी लागते, फळा फुटतो, ध्वनिफीत गुंतते, हें आम्हांस ठाऊक होतें. पण घरांतील धडधाकट वस्तु नेमल्या तिथीस, दूर देशींच्या हुकुमानें, एका क्षणांत मुकी व्हावी, हा प्रकार नवा होता. तेव्हांपासून ह्या विद्यार्थ्यास प्रश्न विचारून, व त्यानें सुचविलेलें वाचून, जें समजलें तें आज वाचकांपुढें ठेवतों.

ज्यांचा संगणकाशीं पत्रव्यवहारापुरताच संबंध येतो, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा अवश्य आहे. इंटरनेटवरील एखादें पान आपण उघडतों तेव्हां कांहीं काम दूरच्या यंत्रावर होऊन त्याचें फळ तेवढें आपणांकडे येतें. खाणावळींत स्वयंपाक होऊन डबा घरीं यावा तसें. पण जें चित्र आपल्या बोटाखालीं हलतें, जो खेळ कळ दाबल्यासरशीं उत्तर देतो, त्याचा स्वयंपाक आपल्याच यंत्रावर व्हावा लागतो. दूरचें यंत्र फक्त शिधा पाठवितें. हा शिधा शिजविण्याची चूल म्हणजे ब्राउझर. क्रोम, सफारी, फायरफॉक्स हीं त्याच चुलीच्या निरनिराळ्या घडणींचीं नांवें. तिच्यावर कोणता शिधा शिजेल, म्हणजे कोणत्या भाषेंतील प्रोग्राम चालेल, हें चूल घडविणारा ठरवितो. चूल आपल्या घरांत असते, तिच्यासाठीं आपण बहुधा दाम मोजीत नाहीं, आणि म्हणूनच तिच्यावर आपली सत्ता किती हा प्रश्न आपल्या मनांत कधीं येत नाहीं.

१९९५ सालीं नेटस्केप ह्या अमेरिकन कंपनीचा ब्राउझर सर्वत्र वापरांत होता. पानांवर मजकूर व चित्रें असत, पण पानें जागचीं हलत नसत. नेटस्केपनें ब्रेंडन आइक ह्या तंत्रज्ञास नोकरीस घेतलें, आणि त्यानें त्या वर्षींच्या मे महिन्यांत दहा दिवसांत एक लहानशी भाषा रचली. तिचें पाळण्यांतील नांव मोका, पुढें लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरांत जावास्क्रिप्ट. हें शेवटलें नांव सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या जावा ह्या भाषेवरून घेतलेलें. जावाचा त्या वेळीं फार बोलबाला होता, म्हणून तिचें नांव ह्या मुलीस लावलें. वस्तुतः दोघींचें गोत्र निराळें. पाणिनीची घडण ज्यांनीं थोडीशी जरी पाहिली आहे, त्यांस दहा दिवसांत रचलेल्या भाषेचें कौतुक वाटण्यापेक्षां धसकाच अधिक बसेल. तिच्यांत दोष पुष्कळ राहिले, आणि ते आजही पुरते गेलेले नाहींत, असें तज्ज्ञच सांगतात. तरी हीच भाषा आज जगांतील प्रत्येक ब्राउझरांत नांदत आहे, आणि तिच्याहून घोटीव अशा दोनतीन भाषा तिच्या डोळ्यांदेखत अस्तास गेल्या. तें कसें झालें हेंच सांगावयाचें आहे.

फ्लॅशचा जन्मही त्याच सुमाराचा. जोनाथन गे ह्या गृहस्थाच्या लहानशा कंपनीनें १९९६ सालीं चित्रें हलविण्याचें एक साधन काढलें. मायक्रोसॉफ्ट व डिस्ने हीं त्याचीं पहिलीं मोठीं गिऱ्हाइकें. वर्षअखेरीस तें मॅक्रोमीडिया कंपनीनें विकत घेतलें व त्याचें नांव फ्लॅश ठेवलें. तें ब्राउझरचें अंग नव्हतें. ब्राउझरास एक खिडकी ठेवलेली असे, तींतून असे परके प्रोग्राम आंत बसवितां येत. त्यांस प्लगइन म्हणत. जावाचे छोटे प्रोग्राम, ज्यांस ॲप्लेट म्हणत, तेही असेच जोडीच्या यंत्रणेवर चालत.

पहिला तडाखा जावास बसला. मायक्रोसॉफ्टनें १९९६ सालीं आपल्या इंटरनेट एक्स्प्लोररांत जावा व जावास्क्रिप्ट दोहोंसही जागा दिली. पण जावाची मायक्रोसॉफ्टनें आपल्या सोयीची निराळी घडण केली. एकच प्रोग्राम सर्व यंत्रांवर सारखा चालावा हें जावाचें ब्रीद, तर सर्वांनीं विंडोजवरच राहावें हा मायक्रोसॉफ्टचा मतलब. सन कंपनीनें १९९७ सालीं फिर्याद गुदरली. २००१ सालीं मायक्रोसॉफ्टनें दोन कोटि डॉलर देऊन तडजोड केली. आणि त्याच वर्षीं निघालेल्या विंडोज एक्सपीबरोबर प्रथम जावा दिलीच नाहीं. खटला सननें जिंकला म्हणावा, पण ब्राउझरांतील जावाचें आयुष्य तेथेंच खुंटलें. इकडे नेटस्केपही बुडाली. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ति २००१ सालीं निघाली तेव्हां जगांतील शेंकडा नव्वदांच्या घरांत संगणकांवर त्याचेंच राज्य झालें, आणि प्रतिस्पर्धी उरला नाहीं म्हणतांच मायक्रोसॉफ्टनें त्यांत लक्ष घालणें सोडलें. सातवी आवृत्ति निघावयास २००६ साल उजाडलें. पांच वर्षें चूल जशीच्या तशी राहिली.

ह्या पांच वर्षांच्या दुर्लक्षांतच फ्लॅशचें भाग्य उदयास आलें, असें आमच्या विद्यार्थ्याचें म्हणणें आहे व आम्हांस तें पटतें. ब्राउझर स्वतः कांहीं नवें करीत नव्हता, तेव्हां ज्यास पानांत गति, ध्वनि, चलच्चित्र पाहिजे, त्यास फ्लॅशवांचून गत्यंतर नव्हतें. २००५ सालीं यूट्यूब निघालें तें फ्लॅशच्याच खांद्यावर बसून. त्याच सालीं अडोबी कंपनीनें मॅक्रोमीडिया सुमारें ३४० कोटि डॉलरांस घेतली. इंटरनेटला जोडलेल्या संगणकांपैकीं शेंकडा ९८ हून अधिकांवर आपला फ्लॅश आहे, असें अडोबी अभिमानानें सांगत असे. शिक्षक, चित्रकार, संगीतकार अशा लोकांस तें विशेष मानवलें. कारण त्यांत प्रथम चित्र काढावयाचें व मग त्यास हालचाल शिकवावयाची, असा क्रम होता. आमच्या विद्यार्थ्यानें आमच्या सांगण्यावरून घाटाच्या पायऱ्या काढल्या, त्या प्रोग्राम लिहिण्याआधीं पेन्सिलीनें कागदावर काढल्या होत्या.

मध्यंतरीं व्याकरणाचा एक वाद झाला, तो आमच्यासारख्याच्या आवडीचा असल्यानें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जावास्क्रिप्टचे नियम एक्मा नांवाच्या संस्थेची एक समिति ठरविते, आणि तिच्यावर निरनिराळ्या कंपन्यांचे पंडित बसतात. तिसरी आवृत्ति १९९९ सालीं झाली. चौथींत भाषेस मोठ्या ग्रंथरचनेयोग्य करावें असा घाट होता, आणि अडोबीनें त्या मसुद्यावर भरंवसून २००६ सालीं फ्लॅशची भाषा, ॲक्शनस्क्रिप्ट ३, तशी घडवूनही टाकली. मायक्रोसॉफ्ट व इतर कांहींजण अडून बसले. २००८ च्या ऑगस्टांत चौथ्या आवृत्तीचा संकल्पच सोडण्यांत आला. १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर २००९ सालीं एकदम पांचवी निघाली, चौथी नाहींच. एखाद्या सूत्रपाठांत मधला पाद गळालेला असावा तसें हें आहे. अडोबी मात्र जी भाषा उद्यां सर्वांची होणार म्हणून शिकली होती, ती शेवटीं एकट्या तिचीच उरली.

आतां २००७ सालाकडे येऊं. त्या वर्षीं ॲपल कंपनीनें आयफोन बाजारांत आणला, आणि त्याच्या ब्राउझरांत फ्लॅश चालत नसे. प्रथम लोकांस वाटलें, आज ना उद्यां चालेल. ॲपल व अडोबी यांचा घरोबा जुना. १९८० नंतरच्या दशकांत अडोबीचें छपाईचें तंत्र ॲपलच्या मुद्रणयंत्रांत होतें, व अडोबीचा सुमारें पंचमांश भाग ॲपलच्या मालकीचा होता. पण तीन वर्षें गेलीं तरी दार उघडेना. मग अडोबीनें युक्ति काढली: फ्लॅशमध्यें केलेला प्रोग्राम परस्पर आयफोनच्या भाषेंत उतरवून देणारें साधन तिनें तयार केलें, व तें २०१० च्या एप्रिलांत निघणार असें जाहीर झालें. तें निघण्याच्या चारच दिवस आधीं ॲपलनें आपल्या करारपत्रांतील एक कलम बदललें. आयफोनसाठींचे प्रोग्राम मूळांतच अमुक भाषांत लिहिलेले असले पाहिजेत. अन्य भाषेंतून उतरविलेले चालणार नाहींत! करार वाचण्याची ज्यांस संवय नाहीं त्यांस ह्या एका कलमाचा अर्थ कळणार नाहीं. पण ज्या कारागिरांनीं फ्लॅशवर दहा वर्षें घालविलीं होतीं, त्यांस तो त्याच रात्रीं कळला.

त्याच महिन्याच्या २९ तारखेस ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनीं एक उघडें पत्र प्रसिद्ध केलें. तें आम्हीं दोनदां वाचलें. शास्त्रार्थ म्हणून पाहतां तें उत्तम आहे: सहा मुद्दे, प्रत्येकांत पूर्वपक्ष मांडून त्याचें खंडन. फ्लॅश एकट्या अडोबीच्या मालकीचा आहे, तेव्हां तो मुक्त नव्हे; त्याच्यावांचूनही चलच्चित्रें दाखवितां येतात; तो असुरक्षित आहे व त्यापायीं संगणक बंद पडतात; तो विजेचा सांठा लवकर संपवितो; तो बाणासाठीं घडलेला आहे, बोटासाठीं नव्हे. हे पांच झाले. सहावा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, असें लेखकच म्हणतात: ॲपल व प्रोग्राम लिहिणारा यांच्यामध्यें तिसऱ्याचा थर असला, तर ॲपलनें दिलेल्या नव्या सोयी त्या तिसऱ्याची मर्जी होईपर्यंत कोणासच वापरतां येत नाहींत, आणि तें ॲपलास चालणार नाहीं.

पहिले पांच मुद्दे बव्हंशीं खरे होते हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. फ्लॅशच्या छिद्रांतून चोर शिरल्याच्या वार्ता वर्षानुवर्षें येत होत्या; आमच्याही संगणकावर दर पंधरवड्यास ‘नवी आवृत्ति घ्या’ अशी सूचना झळके, व ती आली कीं पंखा घुरघुरूं लागे. पण पहिल्या मुद्द्यांत मुक्ततेचा कैवार घेणाऱ्या गृहस्थांच्या स्वतःच्या दुकानांत त्यांच्या परवानगीवांचून एकही प्रोग्राम ठेवतां येत नव्हता, व विक्रीच्या रुपयांत तीस पैसे त्यांचे असत. फ्लॅशमधून हजारों खेळ त्या दुकानाबाहेर फुकट मिळाले असते. पत्रांत हा सातवा मुद्दा नाहीं.

अडोबीच्या जाहिराती निघाल्या, ‘आमचें ॲपलवर प्रेम आहे’ अशा. तिच्या दोघां वृद्ध संस्थापकांनीं खुल्या बाजाराची बाजू मांडणारें प्रत्युत्तरही लिहिलें. गूगलनें तेव्हां फ्लॅशचा पक्ष घेतला. आपल्या अँड्रॉइड फोनांत तो चालतो हें मोठ्या हौसेनें दाखविलें, आणि आपल्या क्रोम ब्राउझरांत तर तो घरचा म्हणून बसविला. हें प्रेम फ्लॅशवर नव्हतें, तें ॲपलच्या विरोधांत होतें, हें पुढें दिसून आलें. तें वादग्रस्त कलम ॲपलनें सप्टेंबरांत सैल केलें खरें, पण वेळ निघून गेली होती. २०११ च्या ऑक्टोबरांत जॉब्स वारले व नोव्हेंबरांत अडोबीनें फोनांवरील फ्लॅश सोडून दिला. २०१५ च्या जानेवारींत यूट्यूबनें त्याचा खांदा सोडला. २०१७ च्या जुलैंत अडोबीनेंच जाहीर केलें कीं २०२० च्या अखेरीस फ्लॅश संपेल. आणि त्याच दिवशीं ॲपल, फेसबुक, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला ह्या पांचांनीं आपापलीं पत्रकें काढून त्यास दुजोरा दिला.

कोणी म्हणेल, परक्याच्या वळचणीस राहिलेल्याची ही गति व्हावयाचीच; ज्याची चूल त्याचीच भाषा असेल तर तिला भय नाहीं. तसेंही नाहीं. मायक्रोसॉफ्टनें फ्लॅशला तोड म्हणून २००७ सालीं सिल्व्हरलाइट काढलें. बीजिंगचे ऑलिंपिक सामने २००८ सालीं अमेरिकेंत इंटरनेटवर त्यांतूनच दिसले. नेटफ्लिक्सचे चित्रपट त्यांतून चालत. कंपनीच्या संमेलनांतून त्याचा जयजयकार होत असे, व आमच्या ह्या विद्यार्थ्यानेंही, फ्लॅशचें कांहीं खरें नाहीं असें पाहून, २०१० च्या उन्हाळ्यांत रात्री जागून तें शिकून घेतलें. त्याच ऑक्टोबरांत कंपनीच्या एका मोठ्या अधिकाऱ्यानें मुलाखतींत सांगितलें कीं सिल्व्हरलाइटविषयीं आमचें धोरण आतां बदललें आहे. एवढेंच वाक्य. पांचवी आवृत्ति २०११ च्या डिसेंबरांत निघाली ती शेवटची, आणि २०२१ च्या ऑक्टोबरांत आधारही काढून घेण्यांत आला. “गुरुजी,” तो एकदां म्हणाला, “फ्लॅशला शेजाऱ्यानें मारलें. ह्याला बापानेंच मारलें.”

प्लगइनची खिडकी बुजविण्याचें काम गूगलनें केलें. २०१५ च्या सप्टेंबरांत क्रोमनें ती पार बंद केली, त्यासरशीं त्या ब्राउझरांत जावा व सिल्व्हरलाइट हीं दोन्हीं एका दिवसांत बाहेर पडलीं. फ्लॅशसाठीं मात्र गूगलनें आपली स्वतःची निराळी खिडकी ठेवली होती, म्हणून तो आणखी पांच वर्षें तगला. जावाचे ॲप्लेट २०१८ सालीं ओरॅकलनें, जिनें सन कंपनी घेतली होती, कायमचे मिटविले. आपल्याकडे सरकारी निविदा भरणाऱ्या ठेकेदारांस हें दुःख चांगलें ठाऊक आहे. डिजिटल सही जावावर बेतलेली असल्यानें कित्येक कचेऱ्यांत एक जुना संगणक व त्यांतील जुना इंटरनेट एक्स्प्लोरर देव्हाऱ्यांतल्या टाकासारखा जपून ठेवलेला असे. दक्षिण आफ्रिकेच्या प्राप्तिकर खात्याची गोष्ट तर याहून मासलेवाईक. त्यांचे कांहीं फॉर्म फ्लॅशमध्यें होते; २०२१ च्या जानेवारींत ते उघडेनात, तेव्हां फॉर्म बदलण्याऐवजीं खात्यानें फ्लॅशसह एक स्वतःचा ब्राउझरच काढला!

बलाढ्य गूगलासही सर्वच साधलें असें नाहीं, हें सांगितलें पाहिजे. जावास्क्रिप्टची जागा घेईल अशा उमेदीनें तिनें २०११ सालीं डार्ट ही भाषा काढली. दुसऱ्या कोणत्याही ब्राउझरनें तिला घरांत घेतलें नाहीं, व २०१५ सालीं गूगलनें ती क्रोममध्यें बसविण्याचा बेत सोडला. नेटिव्ह क्लायंट नांवाचें तिचें दुसरें तंत्र असेंच एकटें पडलें. उलट २०१५ सालीं मोझिला, गूगल, मायक्रोसॉफ्ट व ॲपल या चौघांनीं एकत्र बसून वेबअसेंब्ली म्हणून जें ठरविलें, तें २०१७ अखेर चारही ब्राउझरांत आलें, आणि अद्याप सुखरूप आहे. जें एकाच्या मालकीचें, त्यास बाकीचे तिघे मारतात किंवा मालकच कंटाळतो. जावास्क्रिप्ट तरली ती गुणांनीं नव्हे, तर तिच्यावर कोणा एकाची मालकी पुरी बसण्यापूर्वींच ती सर्वांच्या घरांत शिरली होती म्हणून.

पण सध्यां ते चौघेही कितपत चार उरले आहेत? मायक्रोसॉफ्टनें २०२० सालीं स्वतःचें इंजिन टाकून गूगलच्याच इंजिनावर आपला ब्राउझर बसविला. मोझिलाचा निर्वाह मुख्यतः गूगलकडून येणाऱ्या पैशावर चालतो. जगांतील सुमारें दोनतृतीयांश वापर एकट्या क्रोमचा. आयफोनवर नांव कोणाचेंही असो, आंतील इंजिन वर्षानुवर्षें ॲपलचेंच असावें लागे. युरोपीय संघाच्या कायद्यानें २०२४ च्या मार्चांत तेथपुरती सूट मिळाली. त्याच कायद्याचें निमित्त सांगून ॲपलनें युरोपांत, पानांतून थेट फोनच्या पटावर ठेवतां येणारे प्रोग्राम बंद करण्याचें ठरविलें, आणि फारच ओरड झाली तेव्हां १ मार्च रोजीं तो बेत मागें घेतला. अमेरिकेंत सरकारनें गूगलपासून क्रोम सोडवून घेण्याची मागणी न्यायालयांत केली. न्यायमूर्ति अमित मेहता यांनीं २०२५ च्या सप्टेंबरांत ती नाकारली. ह्यांतील प्रत्येक वार्तेवर कोठल्या तरी गांवीं कोणा विद्यार्थ्याच्या रात्रीच्या जागरणाचें मोल ठरत असतें. ज्यांचीं मुलेंबाळें ह्या धंद्यांत आहेत, व आमच्या वाचकांत असे पुष्कळ असतील, त्यांनीं ‘तुला कोणती भाषा येते’ असें विचारतांना ‘तिचा यजमान कोण’ हेंही एकदां विचारून ठेवावें.

आमच्या आजोबांचें मोडी दप्तर घरांत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून मोडी उठली, आणि वडिलांनंतर तें वाचणारें घरांत कोणी उरलें नाहीं. म्हणून हल्लीं कोणी फ्लॅशची हानि मोडीसारखी असें म्हणतात, तें आम्हांस तितकेंसें पटत नाहीं. मोडी आम्हीं साठीनंतर चार महिन्यांत पुस्तकावरून शिकून घेतली व खताचे कागद वाचले. त्यास कोणाची परवानगी लागली नाहीं. पाठाची फाइल मात्र आमच्याजवळ अक्षरशः शाबूत असून, तिचा अर्थ लावणारा बंद झाल्यावर ती केवळ अंकांची रास होती. मूळ चित्रें व ध्वनि विद्यार्थ्याच्या ज्या डिस्कवर होते, ती पूर्वींच बिघडून गेली होती. आवाज त्या चोवीस फाइलींच्या पोटांतच काय तो राहिला होता.

त्याची सोडवणूक झाली ती कंपन्यांकडून नव्हे. जगभरच्या कांहीं हौशी कारागिरांनीं रफल नांवाचा प्रोग्राम लिहावयास घेतला आहे. तो फ्लॅशच्या जुन्या फाइली नव्या ब्राउझरांत वाचतो, आणि तेंही त्या चौघांनीं मिळून केलेल्या वेबअसेंब्लीवर चालून. इंटरनेट आर्काइव्ह ह्या ग्रंथसंग्रहानें २०२० च्या नोव्हेंबरांत त्याचाच आधार घेऊन हजारों जुने खेळ व चित्रें जपून ठेवण्यास आरंभ केला. आमच्या विद्यार्थ्यानें २०२१ च्या उन्हाळ्यांत रफल लावून पाहिला. पहिले पंधरा पाठ, जे फ्लॅशच्या जुन्या भाषेंत होते, ते तेव्हांच उघडले. ‘देव’, ‘वन’, ‘माला’ सर्व जसेच्या तसे. उरलेले नऊ ॲक्शनस्क्रिप्ट ३ मध्यें, म्हणजे त्या गळालेल्या चौथ्या आवृत्तीच्या भरंवशावर रचलेल्या भाषेंत होते, आणि ते कांहीं केल्या उघडेनात. नदी त्यांतच होती. रफलचे लोक त्या भाषेवर काम करीत होते. आमचा विद्यार्थी दर दोनतीन महिन्यांनीं नवी आवृत्ति आणून पाही व ‘अजून नाहीं, गुरुजी’ असें कळवी.

२०२३ च्या दिवाळींत तो घरीं आला, आणि फराळ झाल्यावर त्यानें पुनः एकदां नदी उघडली. घाट दिसला. नातीनें पहिली पायरी दाबली व आवाज आला. प्रत्येक रूपापूर्वीं श्वास घेतल्याचें जें बारीक ऐकूं येतें तेंही आलें. सप्तमीच्या द्विवचनाची पायरी तेवढी अद्याप मुकी आहे. षष्ठीचें रूप तेंच असल्यामुळें मुली षष्ठीची पायरी पुनः दाबून काम भागवितात.